नऊशे फुटांवरची सही

१

ओकी मन्सी ज्या छताखाली मेला, ते छत चांगलं आहे असं त्याच्याच सहीनं भिंतीवर लिहिलेलं होतं.

बोगद्याच्या तोंडापासून नऊशे फूट आत डेप्युटी शेरीफ वर्ना स्टिल्टनरनं विजेरीचा झोत खडूच्या अक्षरांवर धरला. सोमवारची तारीख, वेळ एक पन्नास, आणि खाली ओ. एम. तारीख आणि वेळ ठळक होती, सही मात्र फराटून पुसट झालेली. खाली छतातून कोसळलेल्या विटांचा ढीग होता. तो उपसून ओकीला बाजूला काढलं होतं आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी आपलं जाकीट टाकलं होतं. सगळा माणूस विटांच्या लाल धुळीनं माखलेला, उजवा तळहात तेवढा पांढराफटक. खडूनं लिहिणाऱ्याचा हात पांढरा असायचाच, असं मनाशी म्हणून वर्ना पुढे सरकली.

लिक फोर्कचा हा बोगदा एकशे वीस वर्षांचा. खेचरं आणि माणसं सारखीच मारून तो खणला, असं वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात म्हातारे अजून सांगतात. आता रेल्वे कंपनीला एकावर एक दोन कंटेनर रचलेल्या मालगाड्या त्यातून न्यायच्या होत्या, म्हणून तळ खाली खणायचा आणि विटांची कमान वरून छिलायची असं काम वर्षभर चाललं होतं. काम सकाळी सहा ते दुपारी तीन. तीनला रूळ रोजच्या गाड्यांना परत द्यायचे. त्याआधी ओकीनं पहारीनं छत ठोकून पाहायचं, आवाज खणखणीत आला तर भिंतीवर तारीख, वेळ आणि सही करायची. कोळशाच्या खाणीत चाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. खाण बंद पडली आणि कान शाबूत राहिले, तेच त्यानं इथे विकले.

त्याचा जेवणाचा डबा दोन हातांवर भिंतीला टेकून नीट उभा होता. अ‍ॅल्युमिनियमचा गोल, दोन कप्प्यांचा, खाणवाल्यांचा असतो तसा: खाली पाणी, वर जेवण. वर्नानं तो उचलला आणि तिचा हात ओझ्यानं खाली गेला. वरच्या कप्प्यात पावाचा चुरा होता. खालचा काठोकाठ भरलेला, पाणी काचेसारखं स्वच्छ.

"वाईट झालं हो," ठेकेदाराचा साहेब वेंडेल ब्राउअर मागून म्हणाला. हा ओहायोचा, स्वच्छ बुटांचा माणूस. "पण सही त्याचीच आहे, डेप्युटी मॅडम. स्वतःच पास केलेलं छत स्वतःवर पडलं, यात मी काय बोलू? रूळ पाचपर्यंत मोकळे होतील ना?"

"माणूस अजून गार नाही झाला, ब्राउअरसाहेब."

"म्हणजे सहा वाजतील," ब्राउअर म्हणाला आणि वॉकीटॉकी काढून निघून गेला.

रुळावर डेन्झिल क्लाइन बसला होता. ओकीचा मेहुणा, त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं खाणीत काढलेला, आता इथे माणसांना छतापर्यंत उचलणारा पाळण्याचा ट्रक चालवणारा. प्रेत त्यालाच सापडलं होतं.

"डेन्झिलकाका, ओकीकाका बाहेर कधी आला होता का?"

"नाही गं. सकाळी सहाला आत शिरला तो शिरला." डेन्झिलनं तिच्याकडे पाहिलं नाही. "डबासुद्धा बघ ना, इथंच आहे."

२

शेरीफचं म्हणणं सरळ होतं. "मेलेल्या माणसानं सही केलीये. तूही एक कर आणि मोकळी हो." गुरुवारी चौकशी होती, तिथे कागद ठेवायचा होता. मेलेल्याच्या माथी मारण्यासारखं सोपं काम जगात दुसरं नाही.

वर्नानं सही केली नाही. मंगळवारी सकाळी ती ओकीच्या बायकोकडे, आयसीकडे गेली. खरं तर आयसीनंच तिला बोलावलं होतं.

"बस. कॉफी घे," आयसी म्हणाली. डोळे कोरडे होते, रडून झालं असावं. किटली, बेसिन, कप, सगळ्यांवर तांबूस डाग होते. घरामागच्या झऱ्याच्या पाण्यात लोखंड फार. "मला पैसे नकोत, पोरी. भरपाई नको. गुरुवारी ते लिहिणार की ओकीनं न ठोकता खूण केली. तेवढं लिहू देऊ नकोस."

वर्नाला हे समजावून सांगावं लागलं नाही. साठ वर्षांपूर्वी सिंडर क्रीकच्या खाणीत व्हर्जिल टोलर नावाच्या तपासनिसानं बाहेर बसून आतल्या खुणा भरल्या होत्या आणि अकरा माणसं गाडली गेली. टोलर मेला, त्याची मुलं मेली. पण परवा त्याच्या नातीनं गावात खानावळ काढली, तर तिच्याकडे कुणी पाण्याचा ग्लास उचलला नाही. खोट्या वचनाला इथे अजून "टोलरची खूण" म्हणतात.

"माझ्या नातवंडांनी ते भोगायचं?" आयसी म्हणाली. "ओकी हट्टी होता, घोरायचा, चर्चमध्ये झोपायचा. पण वाईट छताला चांगलं म्हणणारा नव्हता गं तो."

"मावशी, त्याच्या डब्यात पाणी काठोकाठ होतं. तो पाणी प्यायचा नाही का?"

"न प्यायला काय झालं? घटाघटा प्यायचा, पण घरच्या झऱ्याचं. कामावरच्या टाकीचं तोंडात धरायचा नाही. तळाचं तेवढं ठेवायचा. तुझा बाप नव्हता ठेवत?"

ठेवत होता. डोंगराखालून बाहेर पडेपर्यंत शेवटचं पाणी प्यायचं नाही आणि शेवटचा घास खायचा नाही. अडकलात तर तेच दोन दिवस जगवतं. पाणी ओतून टाकायचं ते खाणीच्या तोंडापाशी उजेडात आल्यावर. आणि उरलेला घास पोरांचा. वर्ना लहानपणी फाटकाशी त्याच घासासाठी उभी असायची. बापाच्या डब्यातला तो चेंगरलेला, कोळशाचा वास लागलेला तुकडा तिला घरातल्या ताज्या केकपेक्षा गोड लागायचा.

"पोरं मोठी होऊन गेली," आयसी म्हणाली, "तरी तुकडा आणायचा राहिला नाही. वीस वर्षं मीच खाते, संध्याकाळच्या कॉफीबरोबर. कालचासुद्धा आला."

वर्नानं कप खाली ठेवला. "कालचा?"

आयसीनं मेणकागदाची पुडी पुढे सरकवली. सुक्या सफरचंदाच्या केकचा तुकडा, अर्ध्या तळहाताएवढा. "टोळीतल्या पोरांनी त्याचा ट्रक काल रात्री आणून लावला, झऱ्याच्या पाण्याचा कॅनही आत अर्धा भरलेला. हा तुकडा समोरच्या काचेपाशी ठेवलेला होता, रोजच्या जागी. बाहेर आला की पहिलं काम तेच करायचा."

तुकडा ट्रकात पोचला होता. म्हणजे ओकी बाहेर आला होता.

३

ब्राउअरच्या ऑफिसात, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत, भिंतभर तक्ते होते आणि शेवटच्या तारखेभोवती लाल वर्तुळ.

"बाहेर आला? छे. बिल्ल्यांची पाटी बघा. त्याचा बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर आहे."

"बाहेर येऊन परत गेला तरी तिथंच असेल."

"परत कशाला जाईल? त्याचं काम संपलं होतं."

"संपलं होतं ना? मग आत काय करत होता?"

ब्राउअरनं पेन उचललं, खाली ठेवलं. "म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं. रेंगाळतात."

"छतावरनं तुमचं त्याचं काही झालं होतं?"

"आमचं चांगलं होतं. हाडाचा कामसू माणूस." कालपर्यंत ब्राउअर ओकीला "थेरडा" म्हणायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माणूस मेला की त्याची किंमत अशी फुकटात वाढवता येते.

"त्याचा डबा पाहिला होतात?"

"कसला डबा?"

"प्रेताजवळ होता तो."

"असेल. सँडविच असेल त्यात. लोकांच्या सँडविचचा हिशेब मी नाही ठेवत, मॅडम."

हे मात्र खरं होतं. खोटं बोलणारा माणूस इतक्या सहज कंटाळत नाही. वर्नानं ते ध्यानात ठेवलं.

रेल्वे कंपनीची इंजिनियर कर्स्टन व्होल्क पूर्वेच्या तोंडाशी सापडली. सत्ताविशीची, डोळ्यांखाली काळं. बोगद्याचा आकार लेझरनं मोजणं हे तिचं काम. काल ओकी, डेन्झिल आणि ब्राउअर सोडून बाकी सगळी टोळी तिच्याच बाजूला सामान भरत होती.

"माझं यंत्र म्हणतं छत ठीक आहे," ती म्हणाली. "पण यंत्र आकार मोजतं. विटांच्या मागं पोकळी असली तर त्याला काय कळणार? ते मिस्टर मन्सींना कळायचं."

"काल त्यांना काय कळलं?"

"मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही." तिनं बोगद्याकडे बोट केलं. "एकपासून दीडपर्यंत ते एकाच जागी ठोकत होते. बोगद्यातून इकडंपर्यंत ऐकू येतं. बद्द, बद्द, बद्द. बाकीच्या ठिकाणी दोन ठोके मारून पुढं जायचे."

चांगल्या छतावर कुणी अर्धा तास ठोकत बसत नाही.

"मग?"

"मग शांत. एक बावन्नला वॉकीटॉकीवर ब्राउअर म्हणाले: नऊशे फुटांवर छत पास, भिंतीवर ओ. एम. सही आहे. मला नवल वाटलं. मिस्टर मन्सी शुक्रवारपासून सांगत होते की तिथं लोखंडी खिळे मारून छत आवळा, दोन दिवस द्या." ती नखं खात राहिली. "मी त्याच वेळी विचारायला हवं होतं, नाही का?"

"हो," वर्ना म्हणाली. खोटा दिलासा द्यायची तिची तयारी नव्हती.

शेरीफच्या ऑफिसात परतून वर्नानं पुराव्याच्या कपाटातला डबा काढला आणि पाणी काचेच्या ग्लासात ओतलं. ना तांबूस झाक, ना लोखंडाचा वास. जिभेला लावलं, तर क्लोरीन. ठेकेदाराच्या टाकीचं पाणी. हे पाणी कुणी भरलं ते तिला आता कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही तिला वाटलं.

४

बुधवारी दुपारी डेन्झिल बहिणीच्या स्वयंपाकघरात बसलेला होता. ओकीची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहाजणांची नावं तो कागदावर लिहीत होता. पहिलं नाव त्याचंच होतं.

"मी बाहेर थांबू का?" आयसीनं विचारलं.

"नको, मावशी. तुम्हीच बोलावलंत मला. तुम्हीही ऐका." वर्ना उभीच राहिली. "ओकीकाका दीड वाजता बाहेर आला. बोगद्याच्या तोंडाशी पाणी ओतून टाकलं, डबा ट्रकात टाकला, केक काचेपाशी ठेवला. छताचा आवाज बद्द आला होता, त्यानं सही केली नव्हती. मग वॉकीटॉकीवर त्यानं ऐकलं की आपली सही भिंतीवर आहे."

डेन्झिलची पेन्सिल थांबली.

"तो परत आत गेला. सही करायला नव्हे, पुसायला. लिहिणाऱ्याच्या बोटांची टोकं पांढरी होतात, ओकीकाकाचा सगळा तळवा पांढरा होता. निम्मंच पुसून झालं आणि छत आलं. आधी त्यानं नावावर हात फिरवला, तारीख-वेळ राहून गेली."

आयसीनं टेबलाची कड धरली. "मग कुणी लिहिली ती?"

"ज्यानं नंतर डबा आत नेऊन ठेवला, त्यानं. ओकीकाका बाहेर आलाच नव्हता असं दिसायला हवं होतं. तो बाहेर येऊन परत गेला म्हटलं, की लोक विचारणार, का गेला?"

"ब्राउअर!" डेन्झिल जोरात म्हणाला. "त्या हरामखोराशिवाय कोण असणार?"

"ब्राउअरच्या लेखी तो सँडविचचा डबा आहे, काका. त्यानं सापडला तसा कोरडा उचलून ठेवला असता. कर्स्टन तिकडच्या तोंडाशी, सगळ्या टोळीसमोर. डबा सापडला तेव्हा काठोकाठ भरलेला होता, टाकीच्या पाण्यानं."

"ओकीनं भरला असेल, परत जाताना."

"जे पाणी तो तोंडात धरत नव्हता, ते? ट्रकात झऱ्याच्या पाण्याचा कॅन अर्धा भरलेला होता. आणि दोन मिनिटांत सही पुसून यायला जाणारा माणूस डबा कशाला नेईल?" वर्नाचा आवाज उतरला. "कोरडा डबा घेऊन डोंगराखाली जायचं नाही, हे खाणीतल्या माणसाच्या हाडात असतं. या बाजूला सोमवारी असा माणूस एकच उरला होता."

मग डेन्झिलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कोरडा कसा नेऊ गं?" तो हातांमागून म्हणाला. "तो तिथं पडलेला, आणि मी रिकामा डबा घेऊन त्याच्याकडं जाऊ? हात आपसूक नळाकडं गेला."

"आणि सही?" आयसीनं विचारलं. "सहीकडं कसा गेला हात?"

"ब्राउअर म्हणाला, तीनला रूळ दिले नाहीत तर उद्यापासून बाहेरची टोळी आणतो. म्हणाला, भिंतीवर ओ. एम. दिसलं पाहिजे, कुणाच्या हातानं ते मला बघायचं नाही. सतरा माणसं आहेत आयसी, आपल्या खोऱ्यातली सतरा. खाण बंद होऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं, एकशे वीस वर्षं उभं राहिलं छत, अजून दोन दिवस राहील. मी ओकीला सांगणार होतो."

"कधी?"

डेन्झिलनं यादीचा कागद सरळ केला.

"मी त्याला मारलं नाही," तो म्हणाला.

"नाही," आयसी म्हणाली. "मेल्यावर त्याचं नाव विकलंस. आधी मारलं असतंस तर एकदाच रडले असते."

वर्नानं खिशातली वही काढली नाही. या घरात एक नाव वाचलं तर दुसरं बुडणार होतं, आणि दोन्ही नावं आयसीचीच. क्लाइन घरात ती जन्मली, मन्सी घरात म्हातारी झाली.

"मावशी, तुम्ही म्हणाल तर..." वर्ना बोलली आणि थांबली. पुढे काय म्हणणार होती हे तिलाही माहीत नव्हतं.

"काय म्हणू? झाकून ठेव म्हणू?" आयसी भावाकडे वळली. "उद्या सगळ्यांसमोर बोलायचं. तुझ्या तोंडानं. वर्नानं वाचून दाखवलं तर लोक म्हणतील, शेरीफच्या बाईनं रचलं. तू बोललास तरच ओकी सुटतो."

"आयसी, माझी नातवंडं आहेत गं. टोलरसारखं होईल त्यांचं."

"होईल," ती म्हणाली. तिनं यादीचा कागद ओढून घेतला आणि पहिल्या नावावर काट मारली. "माझ्या नातवंडांचं झालं असतं, तेव्हा तू हा कागद लिहीत बसला होतास."

५

गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत चौकशी झाली. डेन्झिल उभा राहिला आणि सगळं बोलला. ब्राउअरचं नाव त्यानं तीनदा घेतलं. कंपनीच्या वकिलानं तीनदा विचारलं, साहेबांचं बोलणं कुणी ऐकलं का? कुणी ऐकलं नव्हतं. ब्राउअर स्वतः आला नव्हता. त्याला मंगळवारी रात्रीच दुसऱ्या बोगद्यावर पाठवलं होतं, पगार वाढवून म्हणे. कर्स्टननं ठोक्यांचं सांगितलं, खिळ्यांचंही सांगितलं. वकिलानं तिचे आभार मानले आणि सांगितलं की ते खिळे आता बसले आहेत, नऊशे फुटांवरचं छत पक्कं झालं आहे. मंगळवार आणि बुधवार, बरोबर दोन दिवस लागले होते. ओकीनं तेवढेच मागितले होते.

निकालाचा कागद एका पानाचा निघाला. मयत ओकी मन्सी निर्दोष. स्थानिक कामगार डेन्झिल क्लाइन यानं परवानगीशिवाय खोटी खूण केली. ब्राउअरवर एक ओळ वर्नाच्या अहवालात होती, ती टंकताना गळाली. तिनं विचारलं तर शेरीफ म्हणाला, साक्षीदार नाही तर ओळ कशाला? वर्नाला त्याच्या टेबलावर बिल्ला आपटावासा वाटला. तिनं आपटला नाही, कारण तिलाही घर होतं आणि या खोऱ्यात दुसरी नोकरी नव्हती. हीच सबब डेन्झिलच्या तोंडून ऐकताना त्याला दोष देणं तिला किती सोपं वाटलं होतं, ते आठवून तिची तिलाच लाज वाटली.

बाहेर पार्किंगमध्ये माणसं ओकीच्या बायकोशी हात मिळवायला रांगेनं आली. टोपी काढून, मान झुकवून. सतराच्या सतरा. ज्यांच्या नोकऱ्यांसाठी सही झाली होती ते एकेक करून डेन्झिलजवळून गेले आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ज्याच्या गाडीतून तो सकाळी आला होता तो आधीच निघून गेला होता. डेन्झिल टोपी हातात घेऊन कठड्यापाशी उभा राहिला. त्याचं घर बारा मैलांवर होतं.

लोक पांगले. आयसी ओकीच्या ट्रकाकडे गेली, दार उघडलं, आणि उघडं दार धरून उभी राहिली.

"बस," ती भावाला म्हणाली. "घरी सोडते."

डेन्झिलचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "आयसी, मी—"

"बोलायचं नाही. आज नाही, उद्या नाही. माझ्या मातीला आलास तर तिथंही नाही. बस."

तो बसला. वर्ना आपल्या गाडीतून त्यांच्या मागोमाग निघाली. का, ते तिला सांगता आलं नसतं. लिक फोर्कच्या फाटकापाशी घंटा वाजली, दांडे खाली आले, दोन्ही गाड्या थांबल्या. बोगद्यातून एकावर एक कंटेनर रचलेली पहिली गाडी बाहेर येत होती, चाचणीची, निळ्या-लाल पेट्यांची, दीड मैल लांब. ती संथपणे समोरून जात राहिली. पुढच्या ट्रकाच्या मागच्या काचेतून वर्नाला दोन डोकी दिसत होती. एक खिडकीकडे वळलेलं, एक सरळ समोर. शेवटचा डबा जायला अकरा मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात दोघांतल्या कुणीही मान वळवली नाही.